वीस हजारांपर्यंत मोजणाऱ्या अहिल्याबाई

अहिल्या कानिटकर गुडगावच्या त्या काचेच्या इमारतीत शिरल्या की रखवालदार रामफल आपसूक उठून उभा राहायचा. आवाजच तसा होता बाईंचा! तळमजल्यावर "रामफल, चाय पी ली?" म्हणाल्या, तर तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला वाटावं, आपल्यालाच विचारलं.

सोलापूरची ही मुलगी लग्न होऊन दिल्लीला आली. नवरा शांताराम केंद्र सरकारच्या नोकरीत, नेताजीनगरला सरकारी क्वार्टर. दिवसभर घरात बसून करायचं काय, म्हणून १९८३ साली नेहरू प्लेसच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि दोन वर्षांत चक्क प्रोग्रॅम लिहू लागल्या. बसची तिकिटं छापणारा जो प्रोग्रॅम कंपनी विकायची, त्यातला छपाईचा सगळा भाग बाईंच्या हातचा.

आता १९९७ उजाडलं होतं. कंपनी मोहरीच्या शेतांशेजारी उभ्या राहिलेल्या नव्या गुडगावात आली होती. जुन्या प्रोसेसरची यंत्रं मोडीत काढून सगळं काम नव्या, वेगवान पेंटियम प्रोसेसरवर न्यायचं ठरलं होतं. या मोहिमेचा म्होरक्या सिद्धांत, पुण्याचा, सत्तावीस वर्षांचा, हुशार आणि भलताच घाईचा. मालक सभरवाल साहेबांनी सांगूनच टाकलं होतं, की जुन्या मंडळींपैकी नव्या यंत्रावर जे उपयोगी पडतील ते सिद्धांतच्या टीममध्ये, उरलेल्यांनी फोनवर बसून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. निवड सिद्धांत करणार, तीही पहिल्या डेमोनंतर.

अहिल्याबाईंना फोन नको होता. त्यांना प्रोग्रॅम लिहायचे होते. शांतारामरावांना त्या म्हणाल्यासुद्धा, "बारा वर्षं माझं ऐकणाऱ्या यंत्राला सोडून मी लोकांचं ऐकत बसू?"

डेमोच्या दिवशी सकाळी सिद्धांत आला. "काकू, तुमचा छपाईचा भाग जसाच्या तसा उचललाय. एक ओळ बदललेली नाही."

"ऑफिसात काकू काय रे? तुझी काकू कोथरूडला. इथे मी अहिल्या मॅडम."

"सॉरी, काकू."

अकरा वाजता बसमालक चौधरी आले, आणि येताना बगलेत चादरीत गुंडाळलेला आपला जुना प्रिंटर घेऊन आले. "म्हारे अड्डे पे तो यही चलेगा," म्हणत त्यांनी तो टेबलावर ठेवला. सिद्धांतच्या पोरांनी सगळ्या चाचण्या नव्याकोऱ्या प्रिंटरवर केल्या होत्या. असला जुना खटारा नेहरू प्लेसच्या भंगारातच राहिला होता, आणि त्याची आठवणही कोणाला झाली नव्हती.

पहिलं तिकीट बाहेर आलं. नाव होतं, सीट होती, गावाची ओळच गायब.

"यो सवारी जावेगी कित?" प्रवासी जाणार कुठे, असं चौधरींनी विचारलं.

दुसऱ्यावर हिसार आलं, पण माणूस नाहीसा झाला.

"अर हिसार जा कौन रहा है?"

सिद्धांतने केबल काढून पुन्हा खोचली. "प्रिंटर पुराना है, चौधरी साहब. बदलना पड़ेगा."

"चालीस के चालीस?" अड्ड्यांवरच्या आपल्या चाळीस प्रिंटरांच्या विचाराने चौधरींचा चेहरा पडला. सभरवाल साहेब मात्र जोरजोरात मान हलवत होते.

मागच्या खुर्चीवर बसलेल्या अहिल्याबाईंना एव्हाना सगळं कळून चुकलं होतं. डोळ्यांनी नव्हे, कानांनी. या प्रिंटरला 'मी तयार आहे' असं सांगायची सोयच नव्हती. म्हणून त्यांनी तेव्हा प्रोग्रॅमला शिकवलं होतं, की एक ओळ पाठव, मनात वीस हजारांपर्यंत मोज, मग दुसरी पाठव. अठरा हजारांत ओळ गळायची, बावीस हजारांत काम रेंगाळायचं. प्रिंटरला कान लावून लावून त्यांनी तो आकडा बसवला होता. जुन्या प्रोसेसरला तेवढं मोजायला लागायचा वेळ आणि प्रिंटरच्या छापणाऱ्या हेडला ओळीच्या सुरुवातीला परतायला लागायचा वेळ अगदी एकमेकांच्या मापाचा. नवा प्रोसेसर वीस हजार एका घोटात गिळत होता.

गप्प राहावं, तर दोष प्रिंटरवर जातो. बोलावं, तर सिद्धांतच्या हातात आयतं कारण मिळतं, आणि पुढे फोन आहेच. बाईंनी चौधरींच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि उठल्या.

"सभरवालजी, प्रिंटर ठीक है. ग़लती मेरी है."

मग बाईंनी समजावून काय सांगितलं, करूनच दाखवलं! टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ठुमकत चालत त्या स्वतः प्रिंटर झाल्या. "सिद्धांत, तू प्रोसेसर. वीसपर्यंत मोज. आधी आजोबांसारखा." त्याने सावकाश मोजलं, बाई निवांत जागेवर परतल्या. "आता तुझ्या वेगाने." त्याने एका दमात वीस गाठलं, बाई अर्ध्या वाटेतच हात पसरून उभ्या. "झालं! माझं वाक्य संपायच्या आत याने पुढची एंट्री घेतली."

चौधरी मिशीतल्या मिशीत हसले.

"इतने साल किसी को बताया नहीं?" सभरवाल साहेब म्हणाले.

"किसी ने पूछा नहीं, जी. पर बताना चाहिए था. और प्रोग्रॅम में सैंतीस जगह पर यही गिनती है."

"सदतीस?" सिद्धांत किंचाळलाच.

"मला तोंडपाठ आहेत."

त्याने आपली खुर्ची रिकामी केली. बाईंनी तिकिटापुरती मोजणी पुसून त्या जागी घड्याळ बसवलं, म्हणजे किती आकडे मोजले ते न बघता किती वेळ गेला तेच बघायचं. अर्ध्या तासाने जुन्या प्रिंटरमधून रोहतक ते हिसारचं अख्खं तिकीट निघालं. चौधरींनी ते घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "म्हारा काम तो बहनजी ही देखेंगी."

सभरवाल साहेबांनी सिद्धांतकडे पाहिलं. "तुम बोलो. निर्णय तुम्हारा."

"एकट्याने मला त्या सदतीस जागा जन्मात सापडायच्या नाहीत, मॅडम," तो ओशाळं हसत म्हणाला. "उद्यापासून टीममध्ये याल?"

"येईन. पण बदलणार मी, आणि तू शेजारी बसून बघायचंस. आणि उद्या कशाला? ओढ ती खुर्ची."

संध्याकाळी दिल्लीकडे कंपनीची बस सुटेपर्यंत नऊ जागा दुरुस्त झाल्या होत्या.