तारणातली जवारी

पंचाक्षरी आमच्या बँकेच्या कुलपातली गोदामं राखायचे. मी त्याच शाखेत नुकताच लागलेला कारकून होतो. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा लातूर जिल्हा झालं नव्हतं, उस्मानाबादेतला एक तालुका होतं. पण गंजगोलाईच्या बाजारातल्या आडतींमुळे त्याचा रुबाब जिल्ह्याचाच होता. व्यापारी आपलं धान्य बँकेकडे तारण ठेवून कर्ज काढत. माल त्यांच्याच गोदामात राहायचा, कुलूप मात्र बँकेचं. ते कुलूप उघडणं, लावणं, आतला माल जागेवर आहे की नाही ते पाहणं, हे पंचाक्षरींचं काम. मूळचे निलंग्याकडचे, लिंगायत. कपाळाला विभूती, बोलणं थोडं, आणि त्यांच्या शब्दावर मॅनेजर डोळे मिटून सही करायचे.

त्या साली ईश्वरप्पा आडत्याचं गोदाम छतापर्यंत जवारीनं भरलेलं होतं. ईश्वरप्पा वाईट माणूस नव्हता. दारात त्यानं पाणपोई घातली होती आणि उन्हातून आलेल्याला तो स्वतः तांब्या भरून द्यायचा. पण त्याचं गणित असं होतं: हातातल्या पोत्यांवर बँकेकडून कर्ज घ्यायचं, त्या पैशातून आणखी पोती घ्यायची, तीही तारण ठेवायची आणि पुन्हा कर्ज. भाव व्याजापेक्षा जोरात चढत होता, मग विकायची घाई कशाला? पाऊस न झाल्यानं जवारी मुळातच कमी आलेली, आणि जी आली तिच्यातली बरीच आमच्या कुलपाआड. तिकडे दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना सरकार मजुरी वाटत होतं. हातात पैसा येत होता, बाजारात दाणा येत नव्हता.

अशा एका दुपारी पंचाक्षरींची धाकटी बहीण मल्लम्मा त्यांना शोधत गोदामापाशी आली. कडेवर तिची लहानगी पोर शिवगंगा होती. आठवड्याची मजुरी पदराला बांधून ती लातूरला जवारी घ्यायला आली होती. मी पंचाक्षरींसोबत तपासणीला गेलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं.

"अण्णा, सकाळी पुसलं तवा एक भाव सांगितला," ती म्हणाली, "आता दुसराच सांगून राहिला. पैशे तेच हायेत, जवारी घटली."

"घरी चल. उमाकडं रेशनची मिलो हाय, ती अमेरिकेची लाल जवारी, ती घेऊन जा."

"नेते. पर जरा टेकू दे."

ती गोदामाच्या भिंतीला पाठ लावून सावलीत बसली. थोड्या वेळानं तिनं मान वळवून भिंतीला कान लावला.

"अण्णा, आत काय वाजून राहिलंय?"

पंचाक्षरींनीही कान लावला. मीही लावला. बारीक, न थांबणारी चरचर होती. बंद अंधारात सोंडकिडे जवारी पोखरत होते.

"काय न्हाई," पंचाक्षरी म्हणाले. "उंदीर असतील."

मल्लम्मानं दारावरच्या कुलपाकडे पाहिलं. मग भावाच्या कमरेच्या किल्ल्यांकडे.

"बँकेचं हाय का हे कुलूप?"

"हाव, बँकेचं."

"मग तुजंच की."

"माजं कसं? मी नुसता राखतो, मल्लू."

ती हसली. टोमणा नव्हता त्यात, थकलेलं हसू होतं. घरी जाऊन उमादेवी वहिनींकडून तिनं मिलो घेतली आणि गावाकडे गेली. पुढच्या महिन्यात निरोप आला, की मल्लम्मा नवरा गुरुलिंग आणि पोरीसह गाव सोडून गेली, आंध्रात बोधनकडे ऊसतोडीला, पोटासाठी. कुणाकडे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून पंचाक्षरींना ती चरचर कुठेही ऐकू यायला लागली. बँकेत डबा खाताना घास हातात धरून ते थांबायचे आणि मला विचारायचे, "ऐकून राहिलास ना?" मी नाही म्हणालो की मान हलवून पुढचा घास घ्यायचे. सिद्धेश्वराच्या देवळात दर्शन झालं की ते दगडी भिंतीला कान लावत. वहिनींनी घरातले सगळे डबे पुसून उन्हात वाळवले, धान्य चाळलं. काही उपयोग झाला नाही.

मग मुंबईहून रिझर्व्ह बँकेचा हुकूम आला. धान्याच्या तारणावर यापुढे कर्ज कमी द्यायचं आणि व्याज जास्त लावायचं. आमचे मॅनेजर विरूपाक्ष यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. पंचाक्षरी उभेच होते.

"ह्यानं काय होईल, साहेब?"

"धरून बसणं परवडायचं न्हाई. ईश्वरप्पाला माल काढून पैसे भरावे लागतील. पाऊस पाडणं रिझर्व्ह बँकेच्या हाती न्हाई, पंचाक्षरी. पैसा महाग करणं तेवढं हाय. पैसा स्वस्त राहिला तर जो तो माल दाबून धरतो, अन् महागाई आणखी पेटते."

"मग हे आधी का न्हाई आलं?"

विरूपाक्षांनी कागदाची घडी घातली. "तिथं बसून इथलं दिसायला वेळ लागतो," ते म्हणाले.

ईश्वरप्पानं कुरकुरत माल काढला. जवारी बाजारात आली, भाव थबकला, थोडा उतरलाही. पण महाग झालेला पैसा काही आडत्यांपुरता महाग झाला नव्हता. आमच्याच कर्जावर चालणाऱ्या एका दालमिलनं निम्मी माणसं घरी पाठवली. ती माणसं कामाला लावून द्या म्हणत बँकेच्या पायरीवर येऊन बसत.

गोदाम रिकामं झालं त्या दिवशी पंचाक्षरींनी खाली सांडलेले दाणे मुठीत घेतले. बोटांनी दाबताच त्यांचं पीठ झालं. आत काही उरलं नव्हतं.

नंतर त्यांनी स्वतःहून बिलोलीला बदली मागून घेतली. बोधन तिथून जवळ. सुट्टीच्या दिवशी ते एसटीनं सीमेपलीकडे जात, उसाच्या टोळ्यांमध्ये, बाजारात विचारत फिरत. टोळ्या एका जागी राहत नाहीत. देगलूरच्या रस्त्यानंही त्यांनी किती फेऱ्या मारल्या, त्यांनाच माहीत.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झालं, त्या सुमाराला ते परत आले. शहर ओळखू येत नव्हतं. नवीन कचेऱ्या, बाहेरून आलेले कारकून, इंजिनिअर. पगारदार वाढले, खोल्या तेवढ्याच, भाडी भडकली. पंचाक्षरी मला म्हणाले, "तवा दाणा कमी होता, आता खोल्या. पैसा मागं लागला की सारखंच." आणि ते कान देऊन उभे राहिले.

दिवाळीनंतर मल्लम्मा थेट बँकेच्या काउंटरसमोर येऊन उभी राहिली. केस पांढरे, हातात पिशवी. "शरणार्थ, अण्णा," तिनं हात जोडले. नव्या जिल्ह्यात काम मिळेल म्हणून ती खोली बघायला आली होती. गुरुलिंग बोधनलाच होता. पंचाक्षरी काउंटरमागून बाहेर आले.

"माज्यावर रागानं गेलीस का?"

"राग कशाचा? पोटासाठी गेलो."

"त्या भिंतीपाशी तू म्हणाली व्हतीस..."

"कोणत्या भिंतीपाशी?" तिला खरोखरच आठवत नव्हतं. "ऊन लई होतं, तेवढं ध्यानात हाय."

"शिवगंगा कुठाय?"

मल्लम्मानं पदर सारखा केला. "ती तवाच गेली, अण्णा. जाताना, वाटेत. देगलूरच्या अलीकडं. हगवण लागली व्हती."

त्या दिवशी दोघं भावंडं खोल्या बघत फिरली. एकही तिला परवडणारी निघाली नाही. आमच्या घरी राहा, असं वहिनी म्हणाल्या, तर ती म्हणाली, "किती दिस? तिकडं हाय ते बरं हाय." दुसऱ्या दिवशी पंचाक्षरींनी रजा टाकली आणि तिच्यासोबत एसटीत बसले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं.

देगलूर यायच्या आधी मल्लम्मानं कंडक्टरला गाडी थांबवायला लावली. दोघं उतरली. रस्ता रुंद झालेला, कडेची झाडं तोडलेली.

"चिंच व्हती इथं, तिच्या बुडाशी ठेवलं पोरीला," ती म्हणाली. ती थोडी पुढे गेली, परत आली, बांधावर चढून पाहिलं. "का पुढं व्हती? न्हाई, इथंच कुठंतरी."

पंचाक्षरींनी वाकून मातीवर हात ठेवला, मग दुसरीकडे ठेवला. नेमकी जागा सापडली नाही. दुपारची गाडी दिसली तशी मल्लम्मानं हात केला, आणि दोघं चढून मागच्या बाकावर बसली.