गोलपुढची जमीन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, आबांना – म्हंजी माझ्या वडलांना – तर न्हाईच. तुम्हालाच का सांगतोय? ठावं न्हाई. पण आता गप बसलं की माझाच मला असा राग येतो, वाटतं स्वतःच्या थोबाडीत द्यावी.

आधी माझं काम ऐका. खेळाची गवताची मैदानं तपासायची. शिरूर, दौंड, सगळीकडं फिरतो. एक नळी उभी करायची, तिच्यातनं वजन खाली सोडायचं, आकडा बघायचा. आकडा मोठा म्हंजी जमीन कडक – पडणाऱ्याच्या हाडाला लागणार. सोपं काम हाय. इमानदारीनं केलं तर.

आमच्या गावच्या शाळेचं फुटबॉलचं मैदान. गवत पिवळं पडलेलं. खेळाच्या सरांनी विचारलं, काय करावं? आन् मी शहाणा – धनगराचं पोर ना! – मीच म्हणालो, आबांची मेंढरं बसवा की, लेंडीखतानं गवत कसं तरारतंय बघा. बसवली. तरारलं बी. गावानं टॉवेल-टोपी, नारळ देऊन आबांचा सत्कार केला.

पण शेतात मेंढरं बसवली की मागनं नांगर फिरतो. मैदानावर नांगर कोण फिरवणार? ओली माती खुरांनी दाबली गेली, वाळून दगड झाली, वर मात्र हिरवंगार. हे मला कळू नये? सगळं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलं, आन् मला कळू नये?

स्पर्धेआधी तपासायला मीच गेलो. गोलपुढं वजन सोडलं – आकडा लई मोठा. परत सोडलं. तेच. इथं खेळू नका, एवढंच म्हणायचं होतं. पण मग आबांचं नाव निघालं असतं. माझं निघालं असतं. मी नळाजवळच्या ओल्या कोपऱ्यात गेलो, तिथं वजन सोडलं, आन् तो आकडा गोलपुढचा म्हणून सरांना सांगितला.

गोलकीपर होती शीतल, माझ्या चुलत बहिणीची पोरगी. पहिल्याच सामन्यात तिनं झेप घेतली आन् खांद्यावर आपटली. तिचा उजवा हात अजून डोक्याच्या वर जात न्हाई.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. न्हाई हो – सांगायचं ते पुढंच हाय. सर माझ्याकडं वळले, "मैदान मऊ होतं ना?" आन् मी, सगळ्यांदेखत, ती तिथंच कण्हत पडलेली असताना म्हणालो, "मैदान चांगलंच हाय. पोरीला पडायचं कळत न्हाई."

लेकराच्या डोक्यावर खापर फोडलं! असला मामा? ह्याच्यापरीस कंस बरा, तो तोंडावर तरी वैरी होता. मागनं मी मैदान उकरून भुसभुशीत करून घेतलं, तेही पाइपलाइनचं खोटं कारण सांगून. थू असल्या जिंदगानीवर.

परवा बहिणीकडं गेलो होतो. चहा शीतलनंच आणला, डाव्या हातानं. म्हणाली, "मामा, तवा माझंच चुकलं. आता आमची बारकी गोलात उभी ऱ्हाती. तिला तरी तुम्ही नीट पडायला शिकवा."

मी "व्हय" म्हणालो. आन् चहा प्यालो.