होडीत राहिलेल्या बापाची गोष्ट

शमुवेल साळवे गुरुजींची आणि माझी पहिली भेट देवगाव फाट्यावर झाली. माझ्या हातात पहिल्या नेमणुकीचा कागद होता, पायाशी पत्र्याची पेटी होती आणि परभणीची गाडी नुकतीच डोळ्यांदेखत निघून गेली होती. लिंबाखाली धोतर-कोटातले एक गृहस्थ जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर भराभर लिहीत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि विचारले, "बाई, तुम्ही समुद्र पाहिलाय का?" उन्हाने डोके फिरले असावे, असे मला वाटले. मी नाही म्हटल्यावर ते हळहळले आणि पुन्हा लिहू लागले. पुढच्या गाडीत बसल्यावर कळले, की माझी नेमणूक ज्या शाळेवर झाली होती, तिथलेच ते मुख्याध्यापक होते.

गुरुजींना आज साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या शाळेबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मला लिहायचे आहे ते त्यांच्या कादंबरीबद्दल, कारण ती मी स्वतःच्या हाताने तीन वेळा उतरवून काढली आहे आणि त्या कष्टांचा उल्लेख दुसरे कोणी करेल असे वाटत नाही.

पालमच्या पुढे, गोदाकाठी आमचे गाव. बौद्ध शिक्षिकेला तिथे खोली मिळणे सोपे नव्हते. दोन दारांवरून "खोली कालच दिली" असे ऐकून मी परत आले. तिसऱ्या दारी गुरुजींनी मला जाऊच दिले नाही. त्यांनी स्वतःच्या घराची पुढची खोली मोकळी केली, मार्थाकाकूंनी पाण्याचा माठ भरून ठेवला आणि गुरुजी म्हणाले, "अट एकच. माझं अक्षर मलाही लागत नाही. तुमचं वळणदार दिसतंय." गुरुजींचे अक्षर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या अटीचे वजन कळेल. शाळेच्या हजेरीपटावर एका मुलाचे नाव वर्षभर चुकीचे पुकारले जात होते, तेही त्या अक्षराच्याच कृपेने.

कादंबरी येशूच्या पहिल्या शिष्यांची. शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्यांच्याबद्दल दोन-चार ओळी येतात. ते घरी कसे बोलत असतील, काय खात असतील, बायकोशी कशावरून भांडत असतील, हे गुरुजींना लिहायचे होते. ते सगळे कोळी होते, म्हणून समुद्र हवा. पहिल्या मसुद्यात गुरुजींनी पानोपानी खाऱ्या लाटा उसळवल्या होत्या. पुढे पालमला आलेल्या चर्चच्या एका पाळकसाहेबांनी सांगितले, की तो नावाचाच समुद्र, खरे तर गोड्या पाण्याचे मोठे तळे. गुरुजी पोट धरून हसले. माझी मात्र साठ पाने वाया गेली.

गुरुजी लिहिलेले रविवारी दुपारी शाळेच्या ओसरीवर वाचून दाखवीत. प्रार्थनेहून आलेली ख्रिस्ती घरे, आमच्या बौद्ध वस्तीतले लोक, कुणबी, भोई असे कोणीही येऊन बसे. किसनमामा भोई नेहमी खांबाला टेकून जाळे सांधत ऐकायचे. सत्तरीचे म्हातारे, बायको वारलेली, घरात दत्ता आणि मारोती हे दोन मुलगे. दोघेही त्या वर्षी मॅट्रिक पास झाले होते आणि गुरुजींनी दोघांचेही परभणीच्या अध्यापक विद्यालयाचे अर्ज भरून ठेवले होते. पालक म्हणून किसनमामांचा अंगठा तेवढा बाकी होता आणि अर्जाची मुदत आठ दिवसांवर आली होती.

त्या रविवारी गुरुजी शिष्यांना बोलावण्याचा प्रसंग वाचत होते. कादंबरीत शिष्य येशूला 'गुरुजी' म्हणत. आता आमच्याकडे गुरुजी म्हणजे शाळेचे गुरुजी, दुसरा अर्थ कोणाला ठाऊक नाही. 'गुरुजींनी दोघा भावांना हाक मारली. दोघे लगेच उठले आणि होडी, जाळी व म्हातारा बाप तिथेच सोडून गुरुजींच्या मागे निघाले,' एवढे वाचून होते न होते तोच किसनमामांनी हातातले जाळे खाली ठेवले.

"हे आमचंच सांगायलाव की तुमी, गुरुजी!"

ओसरी हसली. गुरुजीही हसत म्हणाले, "नाही मामा, ही दोन हजार वर्षांमागची गोष्ट आहे."

"आसंल. पर दोनी पोरं एकदम नेली न्हवं? मंग त्या म्हाताऱ्याचं काय झालं? जाळं कोण वढू लागलं त्येला?"

गुरुजींनी पान उलटून पाहिले. पुढच्या पानावर म्हातारा नव्हताच.

"लिवलं न्हाई कामून?" किसनमामा उठले. "आदी त्येचं काय झालं ते सांगा. मंग अंगठा देतो."

ते निघून गेले. दत्ता आणि मारोती खाली मान घालून बसून राहिले. मला किसनमामांचा राग आला होता. दोन पोरांचे आयुष्य एका गैरसमजापायी अडायचे, असे मी गुरुजींना बोलूनही दाखवले. गुरुजी म्हणाले, "त्यांचा गैरसमज नाही, बाई. त्यांनाच बरोबर समजलंय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरुजींनी मला जे सांगितले, ते त्यांच्या परवानगीने इथे लिहिते. ते सात-आठ वर्षांचे असताना मिशनच्या पादरीसाहेबांनी त्यांना बोर्डिंगात शिकायला नेले. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. ते बांधावर उभे होते. "मी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही," गुरुजी म्हणाले, "कारण टांग्यात बसायला मिळालं होतं." वडील गेल्याचे त्यांना पत्राने कळले, तेही महिन्याने. "हा उतारा मी चाळीस वर्षं वाचतोय. दर वेळी त्या पोरांबरोबर निघून जातो. होडीतल्या बापाकडे एकदाही बघितलं नाही." गुरुजींच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्याही आले. आमच्या घरी धर्म बदलला तो सगळ्यांनी मिळून, आजोबांचा हात धरून. कोणी मागे राहिले नव्हते. हे केवढे भाग्य, ते मला त्या दिवशी कळले.

मंगळवारपासून गुरुजी शाळेआधी नदीवर जाऊ लागले. गोष्ट लिहायची तर म्हाताऱ्याचे काम कळायला हवे, असे त्यांनी किसनमामांना सांगितले. पहिल्याच सकाळी मुख्याध्यापक जाळ्यात पाय अडकून धोतरासकट पाण्यात बसले. बुधवारी त्यांनी जाळे असे गुंतवले, की सोडवायला मामांची दुपार गेली. "गुरुजी, तुमी काठावर बसा," मामा म्हणायचे, "माशाला हसू यायलंय." शुक्रवारी मात्र दोघांनी मिळून जाळ्याची एक ओढ पुरती काढली. त्याच दिवशी गुरुजींनी दत्ता-मारोतीला बोलावून सांगितले, की तुमच्या बापाला मी विचारायला नको होते, तुम्ही विचारायला हवे होते.

त्या आठवड्यात लिहिलेल्या प्रकरणावरून पुढे बराच वाद झाला. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी ते गाळायला सांगितले, कारण शास्त्रात भाऊ लगेच निघाले असे आहे आणि गुरुजींनी पदरचे घातले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "लगेच निघाले, हे मी कुठं नाकारतोय? पण संध्याकाळी घरी आलेच नाहीत, असं कुठं लिहिलंय?" प्रकरण राहिले. पण हे नंतरचे. रविवारी ते वाचायला बसले, तेव्हा अर्ज त्यांच्या कोटाच्या खिशात होते आणि सोमवार ही शेवटची तारीख होती.

किसनमामा आले. या वेळी जाळे आणले नव्हते. गुरुजींनी वाचले, की संध्याकाळी दोघे भाऊ घरी परत येतात. बाप चुलीपुढे बसलेला. थोरला म्हणतो, बा, गुरुजींनी बोलावलंय, जाऊ का? बाप चुलीत लाकूड सारतो. मग म्हणतो, "सकाळी तर निघून गेला होतात. आता कशाला विचारता?" थोरला म्हणतो, "सकाळी चुकलं." बाप उठतो, भाकरी वाढतो आणि म्हणतो, "एकानं आधी जावं, एकानं मागून. आणि जाताना जाळं वाळत घालून जा."

गुरुजी थांबले. किसनमामा छताकडे बघत होते.

"आसंच म्हनला आसंल," ते म्हणाले. "बापच हाय त्यो." मग शेजारी बसलेल्या मुलांकडे वळले. "काल राती ह्येनीबी इचारलं मला. मी काय बोललो न्हाई. आता सांगतो. दत्त्या औंदा जाईल. मारोत्या फुडच्या साली. आना तो कागद."

शाईची डबी आणायला मीच धावले. घाईत अंगठा दोनदा उमटला.

दत्ता आज बोरीला शिक्षक आहे. मारोतीही वर्षभराने गेला आणि शिक्षक झाला. कादंबरी परभणीच्या एका छापखान्यात छापून झाली, तिच्यातल्या मुद्रणदोषांची जबाबदारी माझ्या अक्षराची नाही.

हा लेख लिहिण्याआधी मी किसनमामांकडे गेले होते. गुरुजींच्या साठीला तुमच्या वतीने काय लिहू, असे विचारले. ते म्हणाले, "लिवा, गुरुजीनं माजी दोन पोरं नेली. अन् दर ऐतवारी एक पोरगं आनून दिलं." मला क्षणभर उमगले नाही. मामा नदीकडे बोट दाखवून म्हणाले, "साठ वर्साचं हाय. जाळं आजून नीट धरता येत न्हाई. पर येतंय, खाडा न्हाई."

गुरुजींच्या वडिलांना 'सकाळी चुकलं' हे ऐकायला मिळाले नाही, याची रुखरुख त्यांना जन्मभर राहील. पण एका म्हाताऱ्या बापाने त्यांना मुलगा म्हटले आहे. या मुलाला निरोगी शंभर वर्षे मिळोत, मार्थाकाकूंची साथ मिळो, गुडघे पाण्यात उभे राहण्याइतके बळकट राहोत आणि अगदी जमलेच, तर पुढच्या साठ वर्षांत त्याला जाळे नीट फेकता येवो.