नव्या कॅमेऱ्यातले कावळे

भाचीच्या नव्या कॅमेऱ्यात निघालेले कावळ्यांचे फोटो मी काढले होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

भाची कॉलेजात जाते आणि फोनवर फोटो काढते. लग्नाबिग्नाचे नाही, दुपारची झोपलेली कुत्री, पोपडे आलेल्या भिंती, असलं काही. बहिणीला काळजी, मला कौतुक. कौतुक तोंडानं करता येत नाही म्हणून कॅमेराच द्यायचं ठरवलं.

सीताबर्डीला कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो तो पितृपक्षात. त्या दिवसांत नवं कोणी घेत नाही. म्हटलं, माझ्या अडाणी प्रश्नांवर हसायला दुकानात गिऱ्हाईक तरी नसेल.

"भाऊ, पोरगी काय काढते? पक्षी, का लग्न?" दुकानदारानं विचारलं.

"झोपलेली कुत्री."

त्यानं गंभीरपणे मान डोलावली. "मंग दूरची लेन्स कायले पाहिजे? कुत्रं काही उडून नाही जात."

सगळं आपोआप करणारा महागडा कॅमेरा त्यानं स्वतःच बाजूला सारला. "शिकाचं असंन तर हा घ्या. यात हातानं फिरवा लागते, चुका लागते, मंग येते." माणूस आवडला मला. त्यानं माझ्यासमोर खोक्याचं सील तोडलं, नवं कार्ड घातलं, चालवून दाखवलं.

घरी बायको म्हणाली, "अहो, पक्षात नवी वस्तू पोरीच्या हाती देता काय? घट बसू द्या." म्हणून कॅमेरा माझ्या कपाटात राहिला. तिथंच घात झाला.

आधी फक्त चालतो की नाही ते पाहिलं. पण त्या दिवसांत आमच्या गच्चीवर कावळ्यांना काय तोटा! पुढे मी ऑफिसला उशिरा जाऊ लागलो. मग शेजाऱ्यांच्या श्राद्धांची चौकशी करू लागलो. शेजारचे काका वडे ठेवून हात जोडून पितरांना बोलावत होते, तेव्हा मी पाण्याच्या टाकीमागे पोटावर पडलेलो होतो. पन्नाशीच्या माणसाला हे शोभत नाही. पण इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

घट बसले. कॅमेरा पुसला, खोक्यात घातला, वर रंगीत कागद गुंडाळून भाचीला दिला. कार्ड रिकामं करायचं राहिलं.

दुसऱ्याच दिवशी भाची दारात. "मामा, ठगवलं तुम्हाले त्यानं! वापरलेला माल देला. पाहा, कोण येडा होता का माहीत, कावळाच कावळा! अन् एकाचंही डोकं धड नाही फोटोत." एकेक फोटो सरकवत ती हसत होती. एकावर थांबली. त्यातला कावळा वडा सोडून सरळ समोर पाहत होता. "हा मात्र जबरा आहे," ती म्हणाली. "चुकून आला असंन."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तो जबरा फोटो माझा म्हणायचं, तर येडाही मीच, हे आलंच.

ती मला ओढतच दुकानात घेऊन गेली. आता तिथं गिऱ्हाइकांची गर्दी. "आमच्या भोळ्या मामाले जुना कॅमेरा काहून देला तुम्ही?"

"बेटा, सील तुह्या मामापुढंच तोडलं. सांगा ना, भाऊ!"

"मले काही याद नाही," मी म्हणालो.

त्यानं कॅमेऱ्यातले कावळे पाहिले. मग मला पाहिलं. परत कावळे. "असंन बेटा, चूक झाली असंन आमचीच," तो म्हणाला आणि एक नवी बॅग तिच्या हाती ठेवली. आम्ही निघताना माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "भाऊ, उजेड पाठीमागे ठेवत जा."

आता भाची कॉलेजातल्या फोटोवाल्या सगळ्या पोरांना सांगते, त्या दुकानात पाय ठेवू नका. "मामाले विचारा!" म्हणते. पोरं माझ्याकडे पाहतात आणि मी चहात बिस्किट बुडवतो.

भाचीला सोबत घेऊन त्या दुकानात जाणं, गर्दी असताना जाणं, आणि सील माझ्यासमोरच तोडलं होतं, फोटो मी काढले, हे मोठ्यानं सांगणं. त्या माणसाचं एवढं देणं माझ्याकडे आहे. अजून दिलेलं नाही.