बुरशीबाई आणि आबा

बुरशीबाई माती हातात घेतली की आधी हुंगत आणि मग निकाल देत, "जिवंत आहे" किंवा "मेली." पनवेलच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत आणि मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत माझ्या जेवणाच्या डब्याशेजारीच त्यांचा मातीचा डबा असे. एकदा घाईत मी नको तो उघडला, तेव्हापासून मी माझ्या डब्याला दोरा बांधू लागले. 'बुरशीबाई' हे नाव मुलांनी ठेवलेलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं.

भात निघालं की आमच्याकडे शेतात वाल लावतात. वाल हातभर वाढले की बाई मुलांना घेऊन जवळच्या नेरे गावाच्या वाटेला लागत. एक रोप मुळासकट हळूच काढायचं, पाण्यात धुवायचं, मुळावरची गाठ नखाने फोडून आतला गुलाबी रंग दाखवायचा. "यात जिवाणू राहतात. हवेतलं नत्र धरून झाडाला देतात. शिवाय बुरशीचे धागे मुळात शिरलेले असतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मूळ पोचत नाही तिथून ते क्षार आणतात, आणि ते या गाठींच्याही कामी येतात. झाड या दोघांना साखर देतं."

"म्हणजे बाई, ते एकमेकांना मदत करतात?" एका मुलीने विचारलं.

"मदत कसली? व्यवहार आहे. एकाने हात आखडला की तिघांचं अडतं."

मी मराठीची बाई. मला लगेच भरून आलं. "किती छान! जमिनीखाली कोणीच एकटं नाही!"

"अहो मराठीबाई, छान काय त्यात?" त्या फटकन म्हणाल्या. "त्यातल्या एकाला सुटायचं असलं तर?"

असं बोलायला त्यांना कारण होतं. बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. दोघे भाऊ केव्हाच इस्रायलला निघून गेले होते. आबांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, साफ नकार दिला होता. "तुझ्या आईला इथल्या कब्रस्तानात एकटी टाकून मी यायचा नाय." आबांचे गुडघे गेलेले, म्हणून बाई मागे राहिल्या. शेवटची घंटा झाली की बाईंची पावलं घराकडे पळत. सिनेमा, सहल, मुंबईला जाऊन पुढचं शिक्षण, एकदा सांगून आलेलं बरं स्थळ, सगळ्याला त्यांचं एकच उत्तर असे, "आबा आहेत ना." हे त्या इतक्या सहज म्हणत की पुढे कोणी बोलतच नसे.

मग एका वर्षी बाईंनी तिकडे यावं म्हणून थोरल्या भावाने फारच लावून धरलं. आबांची बहीण गव्हाणहून येऊन राहायला तयार झाली. परवानगीचे कागद आले, जायचा दिवस ठरला. बाई चक्क गुणगुणत वर्गावर जाऊ लागल्या. तिकडे भावाकडे वाल रुजत, पण पिवळे पडून बसत. "नुसतं बी नेऊन काय उपयोग? त्याचे सोबती न्यायला हवेत," असं म्हणून बाईंनी नेऱ्याच्या शेतातली माती बिस्किटांच्या डब्यात भरली. कपड्यांची बॅग अजून रिकामीच होती.

एक दिवस शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर घरी गेले. दारातच करपल्याचा वास आला. आबा भिंत धरधरून चुलीपर्यंत गेले होते आणि तव्यावर ती माती भाजत बसले होते. डबा शेजारी रिकामा.

"बोटीवर सायबाने त्यात किडा बघितला तर तुला माघारी पाठवील गं," आबा घाम पुसत म्हणाले. "भाताआधी पालापाचोळ्याचा राब पेटवून आपण जमीन भाजत होतो ना, तशी भाजली. आता काय नाय राहिलं त्यात."

बाईंनी चिमूटभर माती नाकाशी नेली. मी "मेली" ऐकायच्या तयारीत होते. त्यांनी ती चिमूट रिकाम्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

"अजून भाजू?" आबांनी विचारलं.

मला सोडायला बाई दारापर्यंत आल्या. मी म्हटलं, "नेऱ्याला माती काय कमी आहे? उद्या दुसरी आणू."

"मातीचं नाही हो. इतकी वर्षं मला वाटायचं, आबा मला सोडत नाहीत. त्यांनी तर असले गुडघे घेऊन माझी वाट मोकळी करायला घेतलीय." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "मलाच भीती वाटतेय."

जायच्या दिवशी बाई नेहमीच्या वेळी शाळेत आल्या आणि आठवीला मुळं शिकवली. मधल्या सुट्टीत नळावर हात धुताना खाली बघूनच म्हणाल्या, "आबांना सांगितलंय, कागद अडकलेत. तुम्हीही तेच सांगा."

पुढे मी कधीही गेले की आबा विचारत, "आले का गं कागद?" बाई आतून सांगत, "सरकारी काम आहे आबा, वेळ लागतो." मग आबा माझं मनगट धरून त्या न पाहिलेल्या साहेबांना शिव्या घालत. "माझ्या पोरीला अडकवून ठेवलंय मेल्यांनी!" मला तिथून पळून जावंसं वाटे. बाईंचा राग येई, आणि आत त्या आबांसाठी भाकरी थापताना दिसल्या की तो टिकतही नसे.

आबा गेले. बायकोशेजारीच त्यांना जागा मिळाली. भेटायला आलेला प्रत्येकजण बाईंना विचारत होता, "आता तरी भावांकडे जाणार ना?" बाई सगळ्यांना सांगत होत्या, "जायचंय, पण कागद अडकलेत."

माणसं पांगली. घरात आम्ही दोघीच उरलो, तेव्हा मी हलकेच विचारलं, "आता काय ठरवलंत?"

बाईंनी माझ्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"कागद अडकलेत हो."

"हो का," मी म्हटलं, आणि कपबशा विसळायला घेतल्या.