ओटीतला करंडा

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी सगळे म्हणायचे, हिच्या हातात अमृत दिलं तरी ही आधी वास घेईल. लग्न होऊन दिल्ली कॅन्टोन्मेंटात आले, तसा तो स्वभाव कमी व्हायचं सोडून वाढतच गेला.

त्या हिवाळ्यात भरतीच्या कामाच्या कोर्ससाठी आमच्या ह्यांचं नाव लागलं. हे हवालदार होते. कोर्स पार पडला की फौजेत यायला धडपडणाऱ्या पोरांची उंची, छाती आणि कागद तपासायची ड्युटी मिळणार होती. हे खूश होते आणि मीही होते, पण थोडेच दिवस. कारण मग लोक गोड वागायला लागले.

कॅन्टीनच्या रांगेत जी बाई मला कोपर मारून पुढे घुसायची, ती म्हणाली, "आप आगे आ जाओ, भाभीजी." शेजारणीने वर लोण्याचा गोळा ठेवून सरसोंचं साग पाठवलं. गावाकडून ह्यांच्या एका लांबच्या चुलत्यांचा फोन आला. आमच्या लग्नाला न आलेले ते गृहस्थ माझ्या गुडघेदुखीची आपुलकीने चौकशी करत होते. माझे गुडघे कधीच दुखत नव्हते.

"तुम्हाला सगळीकडे काळंबेरंच दिसतं," हे म्हणायचे. चिडले की हे मला अहोजाहो करायचे.

घरात ह्यांची तयारी जोरात चालली होती. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा झाल्या. कापडी टेप घेऊन हे माझ्यावरच सराव करायचे. "हात खाली. श्वास घे. धर." मी म्हणायचे, "अहो, पोळी करपतेय." पोरं काय काय युक्त्या करतात तेही हे रंगवून सांगायचे. कुणी उंची वाढावी म्हणून केस ताठ करून येतो, कुणी टाचा अलगद उचलतो.

"आणि मोजणाराच लबाड असला तर?" मी विचारलं.

ह्यांनी टेपखाली तर्जनी सरकवून दाखवली. बोटाच्या जाडीएवढी छाती वाढली. "म्हणून कोर्सला शिकवणारे आमचे उस्ताद पोराच्या छातीकडे बघतच नाहीत," हे म्हणाले. "ते मोजणाऱ्याच्या हाताकडे बघतात."

माणूस सरळ होता, त्याबद्दल मला शंका नव्हती. ह्यांचा दोष एकच, तोंडावर नाही म्हणता यायचं नाही. फ्रीज घ्यायचा का, तर बघू. दिल्लीतल्याच द्वारकेला फ्लॅट बुक करायचा का, तर बघू. समोरचा हो समजून उठून जायचा आणि हे नाही म्हटल्याच्या समाधानात चहा प्यायचे.

संक्रांत झाली आणि आम्हा मराठी बायकांची हळदीकुंकवं सुरू झाली. एका सुभेदारीणकाकूंनी गुडगावला बोलावलं. सुभेदारसाहेब निवृत्त होऊन तिकडे राहायला गेले होते. जिथे काल-परवापर्यंत मोहरी पिवळी व्हायची तिथे काचेच्या इमारती उठत होत्या, आणि त्यांच्यामागच्या एका रिकाम्या प्लॉटवर साहेबांनी भरतीची तयारी करून घेणारा क्लास काढला होता. पोरं पहाटे पळायची, आडव्या बारला लटकायची. गेटवर मोठा बोर्ड होता, 'निवड पक्की'. पक्की म्हणजे कशी, हा प्रश्न मला तिथल्या तिथे पडला.

काकूंनी सगळ्यांना रंगीत कागदात गुंडाळलेलं वाण दिलं. परतीच्या बसमध्ये बायकांनी आपापलं वाण उघडलं. प्लास्टिकची साबणदाणी निघाली. माझं पुडकं मला जड लागलं, म्हणून मी ते तसंच पिशवीत ठेवलं. घरी येऊन उघडलं तर आत चांदीचा करंडा.

मला घामच फुटला. वाण नाकारत नाहीत, परतही करत नाहीत. सवाष्णीचा अपमान होतो, अपशकुन होतो, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. काकूंनाही ते ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी हा दिवस साधला होता. पाकीट दिलं असतं तर मी तोंडावर फेकलं असतं. पण कुंकवाचा करंडा कसा फेकणार? आणि ठेवला तर उद्या त्यांच्या क्लासचं पोरगं ह्यांच्या टेपपुढे उभं राहणार. कोर्सच काय, ह्यांची नोकरी आणि गावातलं नाव, सगळं त्या डबीत होतं.

संध्याकाळी मी करंडा ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी तो उचलून तळहातावर तोलला. मग पहिलं वाक्य काय बोलावं?

"कुणी बघितला का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग राहू दे सध्या. बघू."

त्या रात्री मला झोप लागली नाही. संशय बाहेरच्यांवर घेणं सोपं असतं. घरातल्या माणसावर घ्यायची वेळ आली की वास घ्यायचीही भीती वाटते.

रथसप्तमीच्या आत मी माझं हळदीकुंकू ठेवलं. करोल बागेतून चहाच्या गाळण्या आणल्या आणि गुडगावला आलेल्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं. काकूंना दोनदा फोन केला. त्या आल्या, नव्या मारुतीतून, मोठ्या रुबाबात.

सगळ्यांना गाळण्या दिल्या. काकूंना मात्र मी पाटावर बसवलं आणि त्यांची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण आणि सगळ्यांच्या देखत वर तो करंडा. "काकू, तुम्ही मला इतकं भारी वाण दिलंत, तसं देण्याची आमची ऐपत नाही. म्हणून तुमचंच तुमच्या ओटीत घालते. माझ्या कुंकवाला आशीर्वाद द्या."

कॅन्टीनवाली बाई गाळणीतून आरपार बघत होती. भरलेली ओटी कुणी रिकामी करत नाही, तेव्हा काकूंना पदर आवळून धरावाच लागला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दारात चपला घालताना त्या माझ्या कानाशी आल्या. "हुशार आहेस गं," त्या म्हणाल्या. "पण घरात विचारलं होतंस का? तुझे यजमान आमच्याकडे येऊन चहा पिऊन गेलेत."

सगळ्या गेल्या. मी सतरंजी झटकली, सांडलेले तांदूळ वेचले. हे आल्यावर पाणीसुद्धा न देता विचारलं, "सुभेदारसाहेबांकडे गेला होतात?"

"बोलावलं होतं त्यांनी. एकेकाळी माझे उस्ताद होते ते."

"पोरांबद्दल बोलले?"

"बोलले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

हे बूट काढत होते. लेस तशीच हातात राहिली.

"मी हो म्हटलं नाही," हे म्हणाले. "मी फक्त 'बघू' म्हणालो."

मी टेप आणून ह्यांच्या हातात दिला. "आत्ता फोन लावा आणि नाही म्हणा. माझ्यासमोर." ह्यांनी लावला. दोनदा खाकरले, तब्येत विचारली, थंडी विचारली आणि शेवटी म्हणाले, "साहेब, त्या कामाला माझी ना आहे." बोलताना ह्यांच्या कपाळावर घाम होता. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते. टेप धरलेल्या हाताकडे बघत होते.