बंगला नंबर सातचं मागचं गेट

लक्ष्मीमावशी नसत्या, तर हे लिहायला मी मावळात नसतो. नांदेडकडं आमच्या गावी परत गेलो असतो. म्हणून त्यांचं नाव आधी. त्या मूळच्या लोहगडवाडीच्या. लोणावळ्यात एका बंगल्याची राखण करतात. आता काय झालं ते सांगतो.

“बावीस बंगले, आणि माणूस एकही नाही?” सरांनी टॅब माझ्यापुढं सरकवला.

आमची एजन्सी तालुक्याचा सर्व्हे करत होती. घरं किती, त्यात कोण राहतं, कोण काय काम करतं. सर आमचे सुपरवायझर, मी दारोदार फिरून फॉर्म भरणारा. माझं शिक्षण नववीपर्यंत. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा मी दोनदा विचारलं होतं, “नक्की मीच ना?” सोमाटण्यात राहायला खोलीही एजन्सीचीच, आठ जणांत एक. काम गेलं की खोली जाणार होती.

लोणावळ्यातल्या त्या बंगल्यांच्या गल्लीत मी तीन दिवस गेलो होतो. मंगळवार, बुधवार, गुरुवार. बावीसही गेटांना कुलूप. नियम असा, की तीन खेपांत कुणी भेटलं नाही तर ‘रिकामं घर’ लिहायचं. मी लिहिलं.

“परत जा,” सर म्हणाले.

शनिवारी गेलो, तर सगळी गेटं सताड उघडी. गाड्या, गाणी, पूलमध्ये उड्या. माणसं बघून मला एवढा आनंद झाला, की नियमांची पुस्तिका पिशवीतून काढलीच नाही. एक गृहस्थ ओल्या चड्डीवरच गेटाशी आले.

“आपण इथं राहता का?”

“राहतो की! उद्या अकराच्या चेकआउटपर्यंत.”

मी फॉर्म भरला. एकोणीस माणसांचं एक कुटुंब, बहुतेक सगळे नोकरदार. कुटुंबप्रमुख कोण, यावर पूलमध्ये हात वर करून मतदान झालं. बाकीच्या बंगल्यांतही असंच.

सोमवारी सरांचा फोन. “गुरुवारपर्यंत शून्य, आज तीनशे? एका रात्रीत गाव वसवलंस?”

“सर, ते म्हणाले राहतो.”

“लॉजवर उतरलेला माणूस गावचा होतो का रे? उद्या संध्याकाळपर्यंत गल्ली नीट भर. आता फॉर्म रिजेक्ट झाले तर तुझा आयडी बंद.”

आयडी बंद म्हणजे काम बंद. मंगळवारी सकाळपासून मी बेल वाजवत सुटलो. सातव्या बंगल्याशी आलो तेव्हा दुपार झाली होती. चौथ्यांदा बेल दाबली, तर कुंपणामागून आवाज आला.

“ती बेल पार मुंबईत ऐकू गेली तरी कुणी यायचं न्हाई. मागं ये.”

मागच्या गेटाला लागून एक खोली. दारात चूल, दोरीवर लुगडी, दोन कोंबड्या. मावशी तांदूळ निवडत होत्या.

“मावशी, तुम्ही इथंच राहता?”

“न्हाई.”

“मग?”

“मालकांनी सांगितलंय, कुणी इचारलं तर न्हाई म्हनायचं. कागदाला नाव लागलं तर उद्या आमी बंगल्यावर हक्क सांगू म्हनं.” मावशी हसल्या. “अकरा वर्सं झाली, मी हितं राहत न्हाई.”

“आणि गावाकडचं घर?”

“त्याला कुलूप. मागल्या आठवड्यात कोन आलता, रिकामं लिवून गेला.”

लोहगडवाडीही माझ्याच वाट्याला होती. तो मीच होतो. खाली बघत सांगून टाकलं.

“म्हंजी दोन्हीकडनं तूच पुसलंस व्हय रं मला!” मावशी म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडं बघून, “गाव कुटलं तुजं?”

“नांदेडकडं.”

“लय लांब. जेवलास का?”

भाकरी खाता खाता मी आयडीचं सगळं सांगितलं. मग पुस्तिका काढून मोठ्यानं वाचली. मालक कोण हे विचारायचंच नव्हतं. सहा महिन्यांच्या वर कोण राहतंय, ते विचारायचं. आणि चूल वेगळी असेल तर कुटुंब वेगळं धरायचं, फॉर्मही वेगळा.

“मालकाला दावनार न्हाईस ना?”

“नाव कुणालाच दाखवत नाही, मावशी. नियमच आहे.”

त्यांनी चुलीकडं बघितलं. “लिव मंग.”

कामाचा रकाना आला. राखण, झाडलोट, पाहुण्यांचा स्वयंपाक, पूलचं पाणी. टॅब एकच काम घेतो. मी विचारलं, “महिन्याला पगार मिळतो ना? मग ही नोकरी झाली.”

“नोकरी? अगं बाई! अकरा वर्सं नोकरीत हाय आन् मला कुनी सांगितलंच न्हाई.”

बाकीचे बंगले राहिले होते. मावशी म्हणाल्या, “चारला नळाचं पानी येतं. समदे राखनदार व्हॉल्व सोडाया मागं येत्यात. तवा धरू.” चारला बरोबर एकेक मागचं गेट उघडलं. प्रत्येक जण आधी ‘न्हाई’ म्हणाला. प्रत्येकाला मावशींनी दटावलं, “मी दिलंय माजं नाव. पोराची भाकर जाईल. सांग त्याला.” बावीस ‘रिकाम्या’ बंगल्यांमागं एकोणीस कुटुंबं निघाली.

फॉर्म पास झाले. आयडी राहिला, खोली राहिली. वाडीतल्या घरापुढचं ‘रिकामं’ही मी खोडून घेतलं, ‘बंद, कुटुंब कामासाठी बाहेर’ केलं.

फक्त एक झालं. खोली आणि बंगला एकाच प्लॉटवर, त्यामुळं सोयींचा रकाना टॅबनं आपोआप भरला. एकोणीसही राखणदार कुटुंबांना स्विमिंग पूल आला. सर तक्त्यावर खूश होते. “बघ, कामगारांचं राहणीमान कसं वाढतंय!”

“सर, तो पूल त्यांचा नाही.”

“रोज साफ कोण करतं?”

“तेच.”

“मग त्यांच्याकडं पूल आहे का नाही?”

मी पुस्तिका काढून पूलचा नियम शोधत बसलो. सरांचा तक्ता वरच्या ऑफिसला गेला. मी मात्र एवढं शिकलो, की कुठलंही घर रिकामं लिहायच्या आधी मागं जाऊन बघावं.

मावशींचे उपकार अजून तसेच आहेत. कधीतरी माझं स्वतःचं घर होईल, एक खोली का असेना. त्या दिवशी पहिलं बोलावणं त्यांना. पुढच्या दारानं.